भिसोटाइप ते ॲटोमिडीन : शंकर आबाजी भिसे यांची एकस्वे

शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हे नाव मराठी वाचकाला सहसा एका बिरुदासह भेटते. अमेरिकन वृत्तपत्रांनी त्यांना भारताचा एडिसन म्हटले आणि आपल्याकडील चरित्रपर लेखनाने ते बिरुद इतक्या आवडीने उचलले की, त्यामागचा माणूस त्याच्या छायेतच राहिला. बिरुदाच्या पाठोपाठ दोन आकडेही येतात : सुमारे दोनशे शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे. आकड्यांनी कर्तृत्वाची विपुलता कळते, स्वरूप कळत नाही. त्या दोनशेंपैकी ज्या एका शोधावर भिशांची कीर्ती उभी आहे तो म्हणजे छापखान्याचे खिळे ओतणारे यंत्र. तथापि त्यांच्या हातून निर्माण होऊन त्यांच्या मृत्यूनंतरही बाजारात टिकून राहिलेली वस्तू हे यंत्र नव्हे. ती होती औषधाची एक बाटली. पाण्यात मिसळणाऱ्या आयोडिनाची. चरित्रकार ह्या बाटलीला बहुधा शेवटचा एखादा परिच्छेद देतात. वस्तुतः यंत्राचा इतिहास आणि औषधाचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचल्याखेरीज भिशांच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही, आणि पेटंट नावाच्या कागदाची खरी किंमतही कळत नाही.

भिशांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत, एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. मुंबईच्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे १८६० च्या दशकातच आले होते. म्हणजे भिशांची पिढी ही दिवाबत्ती रोज पाहत वाढलेली पहिली पिढी होय. पाहणारे पुष्कळ होते. वयाच्या चौदाव्या वर्षी घरीच कोळशापासून वायू काढणारे उपकरण तयार करणारा हा एकच. बंद भांड्यात कोळसा तापवायचा, निघणाऱ्या वाफांतून डांबर वेगळे काढायचे, उरलेला वायू पाण्यातून व चुन्यातून नेऊन स्वच्छ करायचा आणि मग तो पेटवायचा, ही कृती सांगायला सोपी असली तरी करायला धोक्याची आहे. भिशांचे चरित्रकार ह्या प्रसंगात भावी यंत्रज्ञ पाहतात. परंतु तो प्रयोग मुळात रसायनाचा आहे, यंत्राचा नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यांचे खरे विद्यापीठ म्हणजे अमेरिकेतून येणारे ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक. आपले यांत्रिक शिक्षण आपण त्या नियतकालिकाकडूनच घेतले, असे ते पुढे अमेरिकेत मोकळेपणाने सांगत. एकोणिसाव्या शतकातील ह्या नियतकालिकाचा एक विशेष होता. त्याचे प्रकाशक पेटंट मिळवून देण्याचा व्यवसायही करीत आणि अंकामागून अंकात नव्या पेटंटांची वर्णने व आकृत्या छापीत. तेव्हा मुंबईत बसून ते वाचणाऱ्या तरुणाच्या मनात शोध आणि पेटंट ह्या दोन गोष्टी जणू एकच म्हणून रुजल्या असतील, तर नवल नाही. इंग्लंडला किंवा अमेरिकेला जाऊन शोधांवरच जगायचे, असा निश्चय त्यांनी सोळाव्या वर्षीच केला होता.

त्याआधी मुंबईतले दिवस होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी दृष्टिभ्रमाचे प्रयोग रचले. त्यांत एक घन वस्तू प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वस्तूत बदलल्यासारखी भासे, आणि मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये ह्या प्रयोगांची वाहवा झाली. मुंबईत त्यांनी सायंटिफिक क्लब स्थापन केला आणि ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालविले. ज्या ज्ञानाने आपल्याला घडविले ते मराठीत आणण्याची ही धडपड होती. आतला माल बदलता येणार नाही अशी बाटली, विजेवर चालणारी सायकलची योजना, उपनगरी आगगाडीतील प्रवाशांना स्थानक दाखविणारा दर्शक, अशा वस्तूही त्याच काळातल्या. यादी विस्कळीत वाटते, पण तीत एक सूत्र आहे. प्रत्येक वस्तू शहराच्या रोजच्या व्यवहारातील एखाद्या अडचणीवर किंवा लबाडीवर उपाय म्हणून आलेली आहे.

मग १८९० च्या दशकाच्या अखेरीस एका ब्रिटिश नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली आणि तीत भिशांची आकृती सरस ठरली. मुंबईच्या प्रतिष्ठितांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. काँग्रेसच्या कार्यात गढलेल्या दिनशा वाच्छा यांनी त्यांची शिफारस लंडनला दादाभाई नौरोजींकडे केली. भिसे लंडनला पोचले आणि त्यांच्या आयुष्याचे पहिले मोठे प्रकरण सुरू झाले.

दादाभाई त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते. भारतातील संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, ह्याचा हिशेब मांडण्यात त्यांनी आयुष्य वेचले होते, आणि १९०१ मध्ये तो हिशेब ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्याच दादाभाईंनी आपल्या तुटपुंज्या साधनांतून ह्या तरुणाच्या शोधांत पैसा घातला. भिशांनी लंडनमध्ये विजेच्या जाहिरात-पाट्या केल्या व त्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या. स्वयंपाकघरातील साधने केली, स्वतःहून पाणी सोडणारे शौचकूप केले, दूरध्वनीचा एक प्रकार केला, डोकेदुखी घालविण्याचे एक उपकरणही केले. ह्यांतील शेवटचे उपकरण विशेष लक्षात ठेवावे. औषधोपचाराकडे भिसे उतारवयात अचानक वळले नाहीत. ते बीज लंडनमध्येच पडलेले दिसते.

पण लंडनमधील त्यांचे ध्येय होते ते छपाईचे. अमेरिकेत मर्गेन्थालरचे लायनोटाइप १८८६ मध्ये वृत्तपत्राच्या कचेरीत बसले होते व लॅन्स्टनचे मोनोटाइप त्याच्या मागोमाग आले होते. सुटे खिळे वेगाने व स्वस्तात ओतता आले, तर ह्या दोहोंना शह देता येईल, असे अनेकांना वाटत होते. भिशांचे यंत्र तत्कालीन ओतयंत्रांपेक्षा कितीतरी वेगाने खिळे ओतणारे होते आणि त्याला त्यांनी आपलेच नाव दिले : भिसोटाइप. मुंबईच्या मराठी आडनावाला युरोपीय छपाईचा शब्द जोडून झालेले हे नाव आत्मविश्वासाचे आहे, किंचित साहसाचेही आहे.

खिळा ही दिसायला क्षुल्लक वस्तू. शिसे, कथील आणि अँटिमनी ह्यांच्या मिश्रधातूचा रस साच्यात सोडला की झाले, असे वाटते. परंतु ओळीतील शेकडो खिळे एका पातळीत बसायचे, तर प्रत्येकाचे माप इंचाच्या हजाराव्या भागांपर्यंत सांभाळावे लागते. रस थिजताना आकसू नये म्हणून अँटिमनीचे प्रमाण राखावे लागते, आणि वेग वाढला की साचा थंड ठेवणे हीच मोठी समस्या होऊन बसते. म्हणजे असे यंत्र कागदावर सिद्ध होऊन भागत नाही. त्याचा नमुना अचूक कारखान्यात बनवावा लागतो, तो मोडून पुन्हा बनवावा लागतो, मग छापखान्यांना दाखवावा लागतो. पुढे प्रत्येक छापखान्याने आपली जुनी यंत्रे टाकून हे नवे घ्यावे, एवढे भांडवल व एवढा धीर मागे उभा असावा लागतो. पेटंटाचा कागद ह्यांतले काहीच देत नाही. तो एवढेच सांगतो की, दुसऱ्याने हे करू नये. तुम्ही स्वतः ते कसे करावे, ह्याबद्दल तो मूक असतो.

भांडवल उभे करण्याची जबाबदारी घेतली ती हेन्री हिंडमन ह्यांनी. ब्रिटिश समाजवादाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, भारतातील दारिद्र्याबद्दल ब्रिटिश सत्तेला धारेवर धरणारा हा गृहस्थ स्वतः भांडवलाच्या बाजारातही वावरत असे. पैसा उभा राहिला नाही. दादाभाईंची गुंतवणूक बुडाली, आणि १९०७ मध्ये ते स्वतः भारतात परतले. १९०८ मध्ये भिशांनी लंडनमधील बिऱ्हाड मोडले आणि मुंबईची वाट धरली. ह्या अपयशाचे खापर एकट्या हिंडमनवर फोडण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो न्याय्य नाही. प्रस्थापित यंत्र-कंपन्यांच्या बाजारात एका परक्या वसाहतीतून आलेल्या, कारखाना नसलेल्या, बँकेत पत नसलेल्या शोधकाला उभे करणे ह्या अनुभवी मध्यस्थालाही जमले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

परतीच्या प्रवासात बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी शब्द टाकला तो जमशेटजींचे धाकटे पुत्र रतन टाटा ह्यांच्याकडे. रतन टाटांचा हात सढळ होता. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला, दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याला आणि पुढे पाटलिपुत्राच्या उत्खननाला त्यांनी पैसा दिला. त्याच औदार्याने १९१० च्या सुमारास टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभे राहिले व भिसे पुन्हा लंडनला गेले. यंत्र पुढे सरकले, पण बाजार मिळाला नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, इंग्लंडमधील धातूचे कारखाने दारूगोळ्याकडे वळले, आणि ज्या अचूक कारागिरीवर भिशांचे यंत्र अवलंबून होते ती दुर्मिळ झाली. सिंडिकेट मोडले. १९१६ च्या सुमारास भिसे अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेले. त्यांची पन्नाशी जवळ आली होती.

अमेरिकेचा तो काळ हिंदी माणसाला अनुकूल नव्हता. १९१७ च्या कायद्याने बहुतेक आशियाई लोकांना देशाचे दार बंद झाले, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस अमेरिकन नागरिकत्वाला पात्र नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र पेटंट कचेरीचे दार सर्वांस उघडे होते. परदेशी माणूस नागरिक होऊ शकत नसला, तरी अमेरिकन पेटंटाचा धनी होऊ शकत होता. खिळे ओतण्याच्या यंत्राचा ध्यास भिशांनी येथेही सोडला नाही आणि अमेरिकन भांडवलाने त्याला काही काळ हातही दिला. पण त्याच वर्षांत त्यांच्या बुद्धीचा कल रसायनाकडे वळू लागला. धुण्याचे एक रासायनिक मिश्रण त्यांनी तयार केले, आणि मग त्यांनी हात घातला तो आयोडिनाला.

आयोडिनाची कथा तोपर्यंत शंभर वर्षांची झाली होती. १८११ मध्ये कुर्त्वा नावाच्या फ्रेंच सोरा-उत्पादकाला समुद्रशेवाळाच्या राखेवर तीव्र आम्लाची क्रिया झाली असता जांभळी वाफ दिसली. ते हे मूलद्रव्य. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे ह्या वैद्याने ते गलगंडावर दिले. जखमेतील जंतू मारण्याचे त्याचे सामर्थ्य मोठे, आणि १९०८ मध्ये ग्रोसिक ह्या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेपूर्वी कातडीला टिंक्चर आयोडीन लावण्याची पद्धत प्रचारात आणल्यावर ते जगभरच्या दवाखान्यांत पोचले. पहिल्या महायुद्धात तर ते सैनिकाच्या जखमेचे नित्याचे औषध झाले. आपल्याकडेही गुडघा फुटलेल्या मुलाला त्या तपकिरी बाटलीचे भय वाटे ते उगीच नव्हे.

भय वाटण्याचे कारण रासायनिक आहे. आयोडीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एका लिटर साध्या पाण्यात ते जेमतेम एक-तृतीयांश ग्रॅम मावते. म्हणून ते मद्यार्कात विरघळवावे लागे. मद्यार्क उघड्या जखमेला झोंबतो, आयोडीन कातडी भाजते व डाग पाडते, आणि असे टिंक्चर पोटात देण्याची तर सोयच नाही. दुसरा मार्ग लुगोल ह्या फ्रेंच वैद्याने १८२९ मध्ये दाखविला होता. पाण्यात पोटॅशियम आयोडाइड घातले की, त्याच्या साह्याने आयोडीन विरघळते. पण त्यानेही दाहकपणा पुरता जात नाही. पाण्याशी एकजीव होणारे, कमी दाहक, आवश्यक तर पोटातही देता येईल असे आयोडीन हवे, ही वैद्यकाची खरीखुरी निकड होती. त्याच सुमारास तिला आणखी जोर मिळाला. १९१४ मध्ये केंडलने अवटु ग्रंथीचा आयोडीनयुक्त स्राव स्फटिकरूपात वेगळा केला, १९१७ पासून मरीनने ओहायोतील शाळकरी मुलींवर आयोडिनाचा प्रतिबंधक प्रयोग केला आणि १९२४ मध्ये मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ विक्रीला आले. शरीराला बाहेरूनच नव्हे, आतूनही आयोडीन लागते, ही गोष्ट आता अमेरिकेतील सामान्य गृहिणीलाही ठाऊक होऊ लागली होती.

भिशांचे औषध ह्या निकडीवरचे उत्तर होते. त्याचे नाव ॲटोमिडीन. अणुरूप आयोडीन असा अर्थ सुचविणारे हे नाव बाजारासाठी घडविलेले आहे, रसायनशास्त्राच्या परिभाषेतले नाही. त्यातील द्रव्य आयोडीन ट्रायक्लोराइड. आयोडिनाच्या एका अणूला क्लोरिनाचे तीन अणू ह्या प्रमाणातील संयुग. ते पाण्याबरोबर क्रिया पावून द्रवात क्रियाशील रूपातील आयोडीन देते आणि सौम्य प्रमाणात घेतले असता टिंक्चरासारखे झोंबत नाही. न्याय्यपणे सांगायचे तर हे संयुग भिशांनी शोधलेले नव्हे. एकोणिसाव्या शतकात ते रसायनज्ञांना माहीत होते, आणि घटसर्पावरील संशोधनात बेहरिंगने १८९० च्या सुमारास गिनीपिगांवर ते वापरलेही होते. भिशांचे कर्तृत्व आहे ते एका ओळखीच्या पण वापरायला अवघड द्रव्यापासून, प्रमाण बांधलेले, टिकणारे, बाटलीत भरून दुकानात ठेवता येईल असे औषध करण्यात. औषधनिर्मितीच्या इतिहासात ही पायरी नवे मूलद्रव्य शोधण्याइतकी दिपविणारी नसते. रोग्यापर्यंत पोचते ती मात्र हीच पायरी.

येथे यंत्राचा आणि औषधाचा फरक स्पष्ट होतो. भिसोटाइपला कारखाना लागत होता. ॲटोमिडीनची सुरुवात काचेची भांडी, तराजू आणि एका खोलीत होऊ शकत होती. भिसोटाइपचे गिऱ्हाईक म्हणजे छापखाना, ज्याला आपली सारी व्यवस्था बदलावी लागणार. ॲटोमिडीनचे गिऱ्हाईक म्हणजे एक रोगी, ज्याला फक्त एक बाटली विकत घ्यायची आहे. यंत्र तयार होऊन विकले जाईपर्यंत दहा वर्षांचा पैसा आगाऊ घालावा लागतो, औषधाची पहिली पेटी विकून दुसरीचा खर्च काढता येतो. ज्याच्यापाशी बुद्धी आहे आणि भांडवल नाही, त्याने रसायनाकडे वळावे, हा व्यवहार भिशांना वयाच्या पन्नाशीनंतर उमगला. तो आधी उमगता तर, असा विचार मनात येतो खरा. पण ज्याने तारुण्यात लायनोटाइपशी टक्कर देण्याचे स्वप्न पाहिले त्याला एक बाटली पुरेशी वाटली नसती, हेही तितकेच खरे.

हीच गोष्ट मायदेशी काहींनी वेगळ्या रीतीने ओळखली होती. प्रफुल्लचंद्र राय यांनी कलकत्त्यात आपल्या राहत्या घरात औषधे बनविण्यास आरंभ केला आणि १९०१ मध्ये त्यातून बेंगॉल केमिकल ही कंपनी आकाराला आली. १९०७ मध्ये त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन ह्या तिघांच्या प्रयत्नांतून अलेंबिक उभी राहिली. ह्या मंडळींचा भर पेटंटावर नव्हता. तो होता उत्पादनावर, शिकविलेल्या माणसांवर आणि देशी बाजारावर. भिशांनी नेमका उलटा मार्ग धरला. त्यांनी आधी हक्क मिळविला आणि मग कारखाना शोधला. गज्जरांचे शिष्य कारखान्यांत काम करीत राहिले. भिशांच्या मागे शिष्य राहिले नाहीत. दोन्ही मार्गांत बुद्धीची उणीव नव्हती. पण एकात शोध ही संस्था झाली आणि दुसऱ्यात ती एका माणसाची मिळकत राहिली.

पेटंटाला आपण मराठीत एकस्व म्हणतो. हा प्रतिशब्द शासकीय असला तरी अर्थपूर्ण आहे : ज्यावर एकाचेच स्वत्व ते एकस्व. हिंदुस्थानात असा हक्क देणारा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला आणि त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या डिपेनिंग नावाच्या अभियंत्याने पंखा ओढण्याच्या सुधारित रीतीसाठी केला, हे वाचून आज हसू येते. कायदा होता, पण ज्याचे पेटंट घ्यावे ते बनविणारा उद्योग नव्हता. शिवाय पेटंट हे त्या त्या देशापुरते असते. मुंबईत घेतलेल्या हक्काने लंडनमधील कारखानदाराला अडविता येत नसे. म्हणून भिशांना जिथे उद्योग तिथे जावे लागले, आणि जिथे गेले तिथे ते परके ठरले. एकस्वातील ‘एक’ त्यांच्या वाट्याला पुरेपूर आला. ‘स्व’ मात्र प्रत्येक वेळी कोणा दुसऱ्याच्या भांडवलाशी वाटून घ्यावा लागला. आधी दादाभाईंशी, मग टाटांशी, शेवटी न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांशी.

औषधाच्या बाबतीत हा हक्क आणखीच निसरडा असतो. यंत्राची नक्कल डोळ्यांना दिसते. रसायनाचे तसे नाही. प्रमाण थोडे बदलले, विद्रावक बदलला की नक्कल स्वतंत्र शोध म्हणून मिरवू लागते. खुद्द ब्रिटनने १९१९ मध्ये कायदा बदलून रासायनिक पदार्थावर नव्हे, तर तो बनविण्याच्या प्रक्रियेवरच हक्क मान्य केला. जर्मन रंग-कंपन्यांनी आपली कोंडी केली होती, असा अनुभव त्यांना युद्धात आला होता. ती मर्यादा ब्रिटनने १९४९ मध्ये उठविली. स्वतंत्र भारताने तोच धडा १९७० च्या पेटंट कायद्यात गिरविला. तो १९७२ मध्ये अमलात आल्यावर औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळेनासे झाले, केवळ प्रक्रियेवर मिळू लागले, आणि देशातील औषधउद्योग त्या मोकळीकीत वाढला. २००५ पासून पदार्थावरील पेटंट पुन्हा आले. भिशांच्या हयातीत ह्यांतले पुढचे काही घडायचे होते. पण औषधविक्रेत्यांना एक गोष्ट तेव्हाही ठाऊक होती. प्रक्रियेपेक्षा आणि पदार्थापेक्षाही अधिक काळ टिकते ते बाटलीवरचे नाव. पेटंटाची मुदत संपते. नोंदलेले व्यापारी नाव वापरात असेतो जिवंत राहते.

आणि नावाच्या बाबतीत एक गंमत आहे. भिशांच्या यंत्रात त्यांचे आडनाव होते, पण यंत्राने बाजार जिंकला नाही. ॲटोमिडीनने बाजार मिळविला, पण त्या शब्दात भिसे कोठेच नाहीत. ग्रंथ लोकप्रिय व्हावा आणि ग्रंथकाराचे नाव मात्र मुखपृष्ठावरून गळून जावे, तसा हा प्रकार.

ॲटोमिडीनबद्दल जे जे सांगितले गेले ते सारेच मान्य करण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने औषधाच्या वेष्टनावर खोटे लिहिण्यास बंदी घातली होती, परंतु औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याचे बंधन तेथे १९३८ पर्यंत नव्हते. तेही आले ते सल्फानिलामाइडच्या एका विषारी मिश्रणाने १९३७ मध्ये शंभरावर माणसे मेल्यावर. त्या सैल काळात एका औषधाच्या माथी अनेक रोगांचे उपाय सहज चिकटत. ॲटोमिडीनला तर एक विलक्षण पुरस्कर्ता मिळाला. एडगर केसी (१८७७–१९४५) नावाचा अमेरिकन गूढवादी समाधिसदृश अवस्थेत पडून रोग्यांना उपचार सांगत असे, आणि त्या उपचारांत ॲटोमिडीनचे नाव पुनःपुन्हा येऊ लागले. जंतुनाशक म्हणून आयोडिनाचे सामर्थ्य निर्विवाद; अवटु ग्रंथीशी त्याचा संबंधही सिद्ध. त्यापलीकडचे दावे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे. आणि आयोडीन अधिक मात्रेत घेतले तर त्याच ग्रंथीला अपायही होतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

स्वतः भिशांचा ओढा ह्या गूढाकडे होताच. मृतात्म्यांचे संदेश उमटविणारे एक टंकयंत्रवजा साधन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये तयार केले होते. विज्ञाननिष्ठ चरित्रकार हा तपशील गाळतात. ते बरोबर नाही. दृष्टिभ्रमाच्या प्रयोगांनी ज्याने सुरुवात केली, आयुष्यभर अक्षरे उमटविणाऱ्या यंत्रांचा ज्याला ध्यास होता, त्याने अदृश्याकडूनही अक्षरे उमटवून घेण्याचा यत्न केला, ह्यात विसंगती फारशी नाही. शिवाय पहिल्या महायुद्धानंतरच्या पाश्चात्त्य जगात ही आवड सार्वत्रिक होती. खुद्द एडिसननेही मृतांशी संपर्क साधणाऱ्या उपकरणाचा विचार १९२० मध्ये जाहीरपणे बोलून दाखविला होता. त्या एका बाबतीत तरी बिरुद अगदी चपखल बसते.

न्यूयॉर्कमधील भिशांचे वास्तव्य दोन दशकांच्या जवळ गेले. ज्यांनी त्यांना आधार दिला ते एकेक करून आधीच गेले होते : गोखले १९१५ मध्ये, दादाभाई १९१७ मध्ये, रतन टाटा १९१८ मध्ये. ७ एप्रिल १९३५ रोजी भिशांचे न्यूयॉर्कमध्येच निधन झाले. अडुसष्ट वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे उरले होते.

ॲटोमिडीन त्यांच्यामागे अनेक दशके विकले गेले. ते घेणारे बहुतांशी केसीचे अनुयायी होते. वैद्यकाच्या मुख्य प्रवाहात त्याला स्थान मिळाले नाही. पण ज्या अडचणीवर भिशांनी बोट ठेवले होते ती अडचण खरी होती, आणि तिच्यावर पुढे इतरांनीही डोके लढविले. १९५५ मध्ये फिलाडेल्फियात शेलान्स्की आडनावाच्या दोघा संशोधकांनी पोव्हिडोन नावाच्या कृत्रिम बहुवारिकात आयोडीन बांधून पाण्यात सहज मिसळणारे, न झोंबणारे जंतुनाशक तयार केले. पुढे बीटाडीन ह्या नावाने ते जगातील शस्त्रक्रियागृहांत आणि आपल्याकडील गल्लीबोळांतील औषधांच्या दुकानांत पोचले. भिशांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.